चाकांची मनसब

बऱ्हाणपुरात एखाद्याने चारही चाकांना जोर असलेली गाडी घेतली म्हणजे पेढे वाटून होण्याच्या आतच आळीतली मंडळी तिच्याभोवती गोळा होतात, आणि किंमत, रंग, तेलाचा खप असल्या प्रापंचिक बाबी दुय्यम मानून, त्यांतला वयाने सर्वांत धाकटा पण या विषयात अधिकाराने सर्वांत थोर असा जो कोणी असेल तो पुढच्या चाकापाशी उकिडवा बसतो, टायरच्या कडेवर उठवलेली अक्षरे अंगठ्याने पुसतो आणि हुकूमनामा वाचावा तशा स्वरात एक आकडा उच्चारतो. आकडा मोठा निघाला तर माना डोलतात. लहान निघाला तर कोणी तरी 'कंपनीचेच आहेत वाटतं' असे हळूच म्हणते, आणि यजमानाच्या हातातला पेढा तेवढ्यापुरता कडू होतो.

मी दिवाणी न्यायालयात नाझर म्हणून उभी हयात काढली. जप्तीचे पंचनामे, गहाणखते, वाळवीने निम्मी खाल्लेली फारकतपत्रे वाचून दाखवण्यासाठी लोक मजकडे येत. शिवाय ज्या गावच्या जामा मशिदीत फारुकी सुलतानाने अरबीच्या शेजारी संस्कृत शिलालेखही कोरून ठेवला आहे, त्या गावच्या माणसाला लिखाणाचे भय वाटू नये. तथापि माझ्या भाच्याने गाडी घेतली त्या दिवशी तिच्या चाकावरचे '२३५/७० आर १६' हे सूत्र माझ्यापुढे आले आणि मी निरक्षर ठरलो. आमचे मेव्हणे म्हणाले की 'आर' म्हणजे रिम. शेजारचे वकीलसाहेब म्हणाले की 'आर' म्हणजे रजिस्टर्ड, आणि वकिलाने एकदा अर्थ लावला की अपिलाची मुदत संपेपर्यंत तो कायम राहतो.

भाच्याने जो उलगडा केला तो असा. पहिला आकडा टायरच्या रुंदीचा, आणि तो मिलिमीटरांत. दुसरा आकडा टायरच्या भिंतीच्या उंचीचा, परंतु तो मिलिमीटरांत नव्हे, इंचांतही नव्हे, तर पहिल्या आकड्याच्या शेकड्यात. म्हणजे रुंदी २३५ असेल तर उंची तिच्या सत्तर टक्के, एकशे साडेचौसष्ट मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल, अर्थात ज्याच्या अंगातले दोरे आडवे, काठापासून काठापर्यंत सरळ गेलेले असतात ती बांधणी, जिचे पेटंट मिशलिन या फ्रेंच कंपनीने १९४६ साली घेतले. आणि शेवटचा सोळा हा रिमचा व्यास, तो मात्र इंचांत. एका ओळीत मिलिमीटर, टक्के आणि इंच असे तीन कायदे एकाच वेळी लागू असलेले राज्य मी यापूर्वी फक्त वारसाच्या दाव्यांत पाहिले होते. गोळाबेरीज केली की चाकाची पूर्ण उंची ७३५ मिलिमीटर भरते; जमिनीपासून माझ्या मांडीपर्यंत म्हणा.

इथे मला आमच्या गावचा जुना कारभार आठवला. बऱ्हाणपूर म्हणजे मोगलांच्या दख्खन सुभ्याचे ठाणे. अब्दुर्रहीम खानखाना इथे राहिला, शहाजहानची बेगम मुमताज १६३१ साली इथेच वारली आणि तापीपलीकडे जैनाबादेत सहा महिने तिचे दफन होते. असल्या गावाच्या हाडीमासी मनसबदारी मुरलेली असावी यात नवल नाही. मनसबीचेही दोन आकडे असत: एक 'जात' आणि दुसरा 'सवार'. जात म्हणजे सरदाराचा स्वतःचा दर्जा, दरबारात त्याने कोठे उभे राहायचे आणि पगार किती घ्यायचा ते ठरवणारा; (या शब्दाचा आपल्याकडच्या जातीशी संबंध नाही, पण दरबारात कोण कोणाच्या पुढे उभा राहणार हाच प्रश्न असल्यामुळे फारसा फरकही नाही;) आणि सवार म्हणजे त्याने प्रत्यक्षात किती घोडेस्वार बाळगायचे तो आकडा. पहिला मिरवायचा, दुसरा पोसायचा. आता टायरकडे पाहा. रुंदीचा आकडा ही जात. आणि चिखलात, वाळूत, चढावर ते टायर प्रत्यक्षात किती काम करते, हा सवार. जातीचा आकडा कारखानदार कडेवर ठळक उठवून देतो. सवाराचा आकडा कोठेच लिहिलेला नसतो.

भाच्याला आपल्या जातीचा आकडा पसंत नव्हता. त्याची गाडी जुन्या बांधणीची महिंद्रा थार, दुसऱ्या हाताने घेतलेली, इंजिन धडधाकट. पण शनवाऱ्यात चहाला जमणाऱ्या त्याच्या मित्रांत कोणी अडीचशेच्या खाली उरला नव्हता. ज्याच्याकडे नव्या थारची १८ इंची रिमवाली गाडी होती, तो तर खुर्ची ओढून घेतल्याशिवाय बसत नसे. वास्तविक त्या नव्या गाडीची गंमत अशी की तिला कारखान्यातून दोन प्रकारची चाके मिळत: स्वस्त गाडीला २४५/७५ आर १६ आणि महागड्या गाडीला २५५/६५ आर १८, पहिले ७७४ मिलिमीटर उंच, दुसरे ७८९, म्हणजे आमच्या घरच्या उंबऱ्यावरचा रांगोळीचा पट्टाही ज्यात मावणार नाही एवढा फरक. रिम दोन इंचांनी वाढली आणि रबराची भिंत आखडली. दगडावरून जाताना धक्का खाते ती भिंत, रिम नव्हे. तेव्हा खडकाळ वाटेवर जाणाऱ्याने स्वस्त गाडीचीच चाके मागावीत हे गणित कोणीही पाटीवर मांडून दाखवील. मी मांडून दाखवले. भाचा म्हणाला, "मामा, पण अठरा ते अठराच."

अखेर त्याने '२८५/७५ आर १६' या आकड्यावर मन बसवले. घरात सभा भरली. मेव्हण्यांनी खर्चाचा मुद्दा काढला. बहिणीने विचारले की एवढ्या उंच गाडीत मी चढू कशी. वकीलसाहेबांनी मोटर वाहन अधिनियम १९८८, कलम ५२, असे एवढेच म्हणून चष्मा पुसायला घेतला. या कलमाचा भावार्थ असा की कारखानदाराने जो तपशील मुळात ठरवून दिला, त्याच्याशी न जुळणारा फेरफार गाडीत करू नये. भाच्याने त्यावर शांतपणे सांगितले की जुनी चार टायरे रिमांसकट जपून ठेवायची आणि तपासणीच्या दिवशी चढवून न्यायची. हे ऐकून मला तर भरून आले. मोगल दरबाराने मनसबदारांच्या घोड्यांना डाग देण्याची आणि स्वारांचे चेहरेपत्रक ठेवण्याची पद्धत पाडली, ती एवढ्याचसाठी की हे सरदार हजेरीच्या दिवशी बाजारातून उसनी तट्टे आणून उभी करीत आणि हजेरी संपताच परत पाठवीत. चारशे वर्षे गेली, राज्ये गेली, तनखे गेले. बऱ्हाणपुरात उसनी तट्टे अजून ओसरीवर बांधलेली आहेत. ती ओसरी, अर्थात, माझी.

कंपनीने दिलेल्या वस्तूवर समाधान न मानण्याची रीतही आमच्याकडे पुरातन आहे. सर टॉमस रो हा इंग्रज वकील १६१५ साली सुरतेहून निघून बऱ्हाणपुरावरूनच जहांगीराच्या भेटीला गेला. त्याने बादशहाला नजर केलेल्या वस्तूंत एक विलायती घोडागाडी होती. बादशहाने ती सुटी करवून कारागिरांकडून तशीच दुसरी बनवून घेतली, आणि मूळ गाडीचे अस्तर काढून त्या जागी जरीचे भारी कापड बसवले, पितळी खिळे उपटून चांदीचे मारले. ती गाडी अक्षरशः कंपनीची होती, ईस्ट इंडिया कंपनीची. आणि आमच्या बादशहाला कंपनी-फिटिंग आवडले नाही. भाच्याला दोष कोणी द्यावा?

टायरचे काम लालबागेच्या रस्त्यावरच्या एका उस्तादाकडे निघाले. उस्ताद म्हणजे साठीचे गृहस्थ, दाढी मेंदीने रंगवलेली, हातांच्या रेषांत काजळी कायमची बसलेली. दुकान म्हणजे एक पत्र्याची शेड, एक कॉम्प्रेसर, पाण्याने भरलेला एक लोखंडी टब, आणि टायर उतरवायचे यंत्र घेतलेले असूनही हाताशी ठेवलेल्या दोन लांब टॉम्या. भाच्याने आकडा सांगितला तेव्हा त्यांनी काही न बोलता गाडीचे स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवायला लावले, पुढच्या चाकामागे हात घातला आणि टायर व पत्रा यांच्यामधली फट आपल्या चार बोटांनी मोजली. मग दुसऱ्या बाजूला वळवून पुन्हा मोजली. "बाबूजी," ते मजकडे वळून म्हणाले, "चार उंगल की जगह है, और मेहमान छे उंगल का आ रहा है."

मग त्यांनी खडूने जमिनीवर हिशेब मांडला, आणि तो हिशेब कोणत्याही अव्वल कारकुनाने तोंडात बोट घालावे असा होता. नवे चाक ८३४ मिलिमीटर उंच, जुन्यापेक्षा ९९ ने जास्त. पण गाडी उचलली जाते ती त्याच्या निम्म्याने, म्हणजे दोन इंचांच्या आत. ते दोन इंच मात्र खरे, हेही त्यांनी कबूल केले. कारण मागच्या ॲक्सलच्या मध्यभागी लोंबणारा डिफरन्शियलचा गोळा स्प्रिंगा कितीही उंच केल्या तरी जागचा हलत नाही, त्याला उचलते ते फक्त चाक. परंतु चाक शेकडा तेराने मोठे झाले की इंजिनाला प्रत्येक गिअर तेवढाच जड पडतो, ब्रेकला तेवढाच जास्त जोर लावावा लागतो, आणि गाडीचे घड्याळ तेवढेच खोटे बोलते. काटा साठ दाखवील तेव्हा गाडी अडुसष्टने पळत असेल. बऱ्हाणपुराहून इंदूर सुमारे १८० किलोमीटर. या घड्याळाने ते १५९ भरेल. रस्त्याचे काम वर्षानुवर्षे चालूनही जे साधले नाही, ते भाच्याने चार टायरांत साधले, आणि इंदूर एकवीस किलोमीटर अलीकडे आणले. जाणकारांच्या मते मूळ व्यासाच्या शेकडा तीनपेक्षा जास्त फरक करू नये. भाच्याने तेराला 'तीनच्या जवळपास' म्हटले, आणि त्यातला एक दशकाचा फरक उस्तादांनी खडूच्या एका फटकाऱ्याने दाखवला.

रुंद टायरला रुंद रिम हवी, म्हणून रिमही नव्या आल्या. त्या बाहेरच्या अंगाला निघालेल्या, जेणेकरून आत घासू नये. आणि बाहेर निघाल्यामुळे चाके चिखलपत्र्याच्या बाहेर, जत्रेतल्या पहिलवानाच्या दंडांसारखी, दिसू लागली. पाचव्या चाकापाशी पैसे संपले. मागच्या दारावर जुने लहानच चाक राहिले. उस्तादांनी बजावले की चारही चाकांचा जोर लावलेला असताना हे लहान चाक मोठ्यांच्या पंगतीत बसवू नका. अशा गाडीत पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांशी जखडलेले असतात, एक चाक लहान पडले की ते जास्त फिरू पाहते, बाकीची फिरू देत नाहीत, आणि मध्ये भरडला जातो तो ट्रान्सफर केसमधला दातेरी संसार. भाऊबंदकीचे दावे पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागले नाही.

बुधवाऱ्यातल्या ज्या वळणावर ही गाडी पूर्वी एका दमात वळे, तिथे ती आता तीनदा मागेपुढे होऊ लागली, आणि मागे उभ्या राहिलेल्या हातगाड्यांची मिरवणूक तयार होऊ लागली. पण हे मानकऱ्याला शोभूनच दिसते. हत्तीही वळायला वेळ घेतो.

लहानपणी लोहाराच्या अंगणात पाहिलेले बैलगाडीचे चाक मला या सगळ्यात पुन्हा पुन्हा आठवत होते. त्याच्या लोखंडी पट्ट्याला आपल्याकडे 'धाव' म्हणतात. टायरला एवढे सुंदर नाव जगातल्या कोणत्या भाषेत असेल असे मला वाटत नाही. धाव ही लाकडी चाकापेक्षा किंचित लहानच घडवायची, गोवऱ्यांच्या गोल आगीत लाल होईपर्यंत तापवायची, तीन माणसांनी सांडशींनी उचलून चाकावर बसवायची, आणि लाकडातून धूर निघू लागताच घागरी ओतायच्या. चर्रर्र आवाज होई, धाव आकसे, आणि पाटे, आरे, तुंबा असे सारे एकमेकांत असे आवळले जात की खिळ्याची गरज उरू नये. ती धाव दोन-अडीच बोटे रुंद. एवढ्या अरुंद चाकावर कपाशीची खंडीच्या खंडी लादलेली गाडी पावसाळ्यातून बाजारात येई. लोहाराला कोणी धावेचा आकडा विचारल्याचे मला स्मरत नाही.

आश्विनात एक सर येऊन गेली आणि भाच्याने परीक्षेचा दिवस ठरवला. शाहपुराकडे आमच्या एका स्नेह्यांची केळीची बाग आहे. तिथल्या शिवारात जायचे, वकीलसाहेबांना साक्षीदार म्हणून घ्यायचे. मी पुढे बसलो, म्हणजे बहिणीने दिलेल्या पाटावर पाय देऊन चढलो. डांबरी रस्त्यावर टायरांचा गुणगुणाट असा चालला होता की वकीलसाहेबांना वाटले मागे भोंगा लावलेली मोटर येत आहे आणि त्यांनी दोनदा वळून पाहिले.

शिवाराची वाट म्हणजे काळी रेगडी. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, इतकी की भेगेत वीतभर काठी सहज जावी, आणि पहिल्या पाण्याबरोबर फुगून लोण्यासारखी होते. त्या दिवशी वरचा चार बोटांचा थर भिजलेला होता आणि खाली जमीन टणक होती. अरुंद चाक हा थर कापून खाली टणकाला जाऊन लागते. आमची राजेशाही चाके थरावरच तरंगत राहिली. पन्नास पावलांत टायरांच्या सगळ्या खाचा मातीने बुजल्या, आणि दोनशे पंच्याऐंशी मिलिमीटर रुंदीचे नक्षीदार रबर उसाच्या घाण्याच्या लाटेसारखे गुळगुळीत झाले. भाच्याने स्टिअरिंग उजवीकडे वळवले. गाडीने त्याची नोंद घेतली नाही. ती संथपणे, कोणतीही घाई न करता, एखाद्या वृद्ध सरदाराने मसनदीवर कलावे तशी डावीकडे कलली आणि पाण्याच्या चारीत बसली.

"चारही चाकांचा जोर आहे ना?" वकीलसाहेबांनी मागून विचारले.

"लावलाय," भाचा म्हणाला. चारही चाके खरोखरच फिरत होती. चिखल खिडकीवरून आत येत होता, कारण चाके पत्र्याच्या बाहेर होती.

मला मराठ्यांचे सेनापती हंबीरराव मोहिते आठवले. १६८१ च्या आरंभी संभाजीराजांच्या फौजेने याच बऱ्हाणपूरची बहादूरपुरा ही पेठ लुटली आणि मोगल सरदार पाठलागाचा विचार करीपर्यंत मराठे निघूनही गेले. त्याच वर्षी औरंगजेब जातीने इथे आला, तोफा, तंबू, हत्ती, बाजारबुणगे यांच्यासह, आणि पुढे सव्वीस वर्षे दख्खनच्या चिखलात राहिला. मराठ्यांची तट्टे ठेंगणी, खोगिरावर माणूस आणि थोडा दाणा. सवार होता, जातीचा आकडा कोणी विचारला नसावा. अशाच कारणाने ती हलकी जिप्सी गाडी, २०५ रुंदीच्या टायरांवर, आमच्या भागातल्या जंगलखात्याच्या वाटांनी वर्षानुवर्षे गेली-आली. हे मी बोलून दाखवले नाही. भाचा पायांत प्लास्टिकची पिशवी बांधून उतरला होता, आणि इतिहास सांगण्याची ती वेळ नव्हती. फक्त हवा अठरापर्यंत उतरवून पाहा, असे मी सुचवले, कारण उस्तादांनी ते तापीच्या वाळूसाठी सांगितले होते. उतरवली. आम्ही अधिक आरामात रुतलो.

स्नेह्यांनी ट्रॅक्टर पाठवला. तो आला तेव्हा त्याची मागची चाके मोठाल्या तिरप्या दातांची, प्रत्येक फेऱ्यात मातीचे ढेकूळ फेकून देणारी होती, आणि पुढची, जी वाट कापतात, ती बारीक, केवळ तीन उभ्या कडांची, चिखलात सुरीसारखी चाललेली. साखळी बांधली गेली. ट्रॅक्टरवाल्या पोऱ्याने विडी विझवून कानावर ठेवली, आणि गाडी चारीतून बाहेर आली. मग भाचा उकिडवा बसला. पेढ्याच्या वेळी आळीतली पोरे बसतात तसाच. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाची कड त्याने पंच्याने पुसली आणि वाचले: "६.००-१६." शेकडा नाही, 'आर' नाही, सहा इंच रुंद, सोळा इंच रिम, संपला विषय. वकीलसाहेबांनी आठवण दिली की दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपलाही हेच माप होते. विलीज जीपांची जुळणी महिंद्रांनी पुढे मुंबईत सुरू केली, आणि तिचाच वंश चालत चालत चारीत येऊन बसला होता.

पोऱ्याने आमच्या टायरांभोवती एक फेरी मारली. "लई भारी आहेत," तो म्हणाला. "ट्रॉलीला बसतील का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवरची जुनी चार चाके एकेक करून फाटकाबाहेर घरंगळत गेल्याचा आवाज मी अंथरुणातून ऐकला. उस्तादांनी काही विचारले नाही, असे कळते. फक्त चढवण्याचे पैसे निराळे आणि उतरवण्याचे निराळे, एवढा शिरस्ता त्यांनी सांगितला. नवी टायरे गिऱ्हाईक मिळेपर्यंत ओसरीवर आली. तीन अजून तिथेच आहेत. चौथ्यात आमच्या घरात माती भरून अळू लावले गेले, आणि त्याला ते माप इतके मानवले की एका पानाची वडी दोन माणसांना पुरते. फाटकातून येणारा प्रत्येक माणूस अळूकडे न पाहता टायरच्या कडेकडे वाकतो, तेव्हा आमच्या सौभाग्यवतीने त्याचा त्रास वाचवण्यासाठी आकडा पाठच केला आहे, आणि चहाचा कप पुढे करता करता ती म्हणते, "दोनशे पंच्याऐंशी, पंच्याहत्तर, सोळा. बसा."